कॅप्टन काकांचं वर्षश्राद्ध : फ्लेक्स नको, मग काय?

उद्यमबागवाला
मंडळी, सल्ला पाहिजे. बेळगावात आमच्या गल्लीतल्या कॅप्टन काकांना जाऊन जानेवारीअखेर वर्ष होतंय. मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून लागले, सुभेदार मेजर होऊन निवृत्त झाले, शेवटी ऑनररी कॅप्टन. नुसतं कॅप्टन म्हटलं की लगेच दुरुस्त करायचे, 'ऑनररी.'

पहाटे पाचला माळावर पोरांना भरतीसाठी पळवायचे. १६०० मीटर, साडेपाच मिनिटं. एक सेकंद वर गेला तरी वहीत लाल शाई. उडीचा नऊ फुटी खड्डा त्यांनी स्वतः कुदळीनं खणलेला. मी एकदा दोरीनं मोजला, साडेनऊ भरला. विचारलं तर म्हणाले, "भरतीच्या दिवशी पाय आखडतोच की, अर्धा फूट त्याचा." मी दोनदा नापास झालो, आता फाउंड्रीत आहे. तरी स्टॉपवॉच धरायला काकांनी शेवटपर्यंत मलाच ठेवलं.

आता मंडळाला वीस फुटी फ्लेक्स पाहिजे, कुणाला अर्धपुतळा. फ्लेक्सवर पुढारी किती, मराठी वर की कन्नड, यातच दोन बैठका गेल्या. काकू एवढंच म्हणाल्या, "त्यांचा फोटो गटारीवर टांगू नका." मग करायचं काय?

मलप्रभाकाठ
खानापूर तालुक्यातनं लिहितोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या वस्तीत पाणी शिरलं तेव्हा हेच काका तीन-चार माजी जवानांना घेऊन आले होते, जाड दोर घेऊन. आम्ही ट्रंका माडीवर चढवत होतो. त्यांनी पहिल्यांदा गोठ्यात जाऊन दावी कापली. बांधलेली म्हैस बुडते, सोडलेली पोहून कुठंतरी लागते. आमच्या दोन्ही तिसऱ्या दिवशी वरच्या शेतात चरताना सापडल्या. आजी घर सोडेना, तर तिच्याशी वाद न घालता देव्हाऱ्यातले देव तेवढे उचलून पुढं चालायला लागले. आजी मागनं आपोआप! फ्लेक्सच्या पैशात दोर आणि लाइफ जॅकेट घेऊन ठेवा.

कडोलीची लेक
माझे वडील पलटणीतच होते. ते गेल्यावर आईची फॅमिली पेन्शन अडली, कारण वडिलांच्या सर्व्हिस रेकॉर्डात आईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि कन्नड रेशनकार्डावरनं इंग्रजीत उतरवताना तिसरंच स्पेलिंग. तीन कागदांवर माझी आई तीन बायका. बँकेत प्रत्येक वेळी नवा कागद मागायचे. काकांनी प्रतिज्ञापत्र करून घेतलं, रेकॉर्ड ऑफिसला चार खेपा मारल्या. आईला लुनावर मागं बसवून, पिशवीत भाकरी-झुणका. चहासुद्धा आईला देऊ दिला नाही.

आता लष्करी पेन्शनचं ऑनलाइन 'स्पर्श' पोर्टल आलंय. पण बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्या बायकांनी हयातीचा दाखला करायचा कुठं? दर नोव्हेंबरला समाजमंदिरात काकांच्या नावानं एक टेबल मांडा. एक लॅपटॉप आणि एक न ओरडणारा माणूस बसवा. मी रविवारी बसते.

सुभेदार मामा
पुतळा काय करूलालाय रे? त्यावर कावळेच बसणार. ४ फेब्रुवारी आमच्या रेजिमेंटचा दिवस. १६७० ला तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो. वर्षश्राद्धाचा विधी घरचे करतील, तुम्ही त्या दिवशी पोरं पळवा. भाषण नको. पळून झाल्यावर चहा आणि उप्पीट. आणि वही कुठाय? ती जपा. त्यात माझ्या पोराची लाल शाई आहे, आज तो हवालदार आहे.

उद्यमबागवाला
सगळ्यांचे आभार. काल काकूंना वाचून दाखवलं. म्हशींचं ऐकून हसल्या. "हे मला कधी बोलले नाहीत, बाजारला जाऊन येतो म्हणून गेलेले," म्हणाल्या. वही आणि स्टॉपवॉच काढून दिलं. सेल तेवढा बदलायचा आहे.

मंडळातली दोघं अजून फ्लेक्सवर अडून आहेत, बघतो. टेबलाचं नक्की, ताई, समाजमंदिराची किल्ली मी मागून घेतो. दोराचं पुढच्या बैठकीत काढतो. ४ तारखेचं ठरलंच.

खड्ड्यात मात्र यंदा गुडघाभर गाळ साचलाय, एक कड ढासळलीय. रविवारी सकाळी सहाला माळावर या, कुदळ-बुट्टी आपापली आणा. दोरी माझ्याकडे आहे. साडेनऊच.