फ्लॅशला डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारं झाकण) लावला तरी सावली कडकच. चुकतंय कुठे?

छायावेडा
हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) बसणारा फ्लॅश आहे. डोकं वर-खाली आणि बाजूला फिरतं, गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, ४० (१०५ मिमी झूमला, म्हणजे झोत अरुंद असताना; आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, १००). त्यावर बसणारी दुधी प्लास्टिकची टोपी विकत आणली.

माणूस दीड मीटरवर, त्याच्यामागे अर्ध्या मीटरवर भिंत, फ्लॅशचं तोंड सरळ समोर. एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा तितका प्रकाश कमी) ५.६, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ २००, टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेरा आपोआप ठरवतो). नाकाची सावली काळीकुट्ट, कपाळ चकाकतं आणि कॅमेरा उभा धरला की भिंतीवर डोक्याची सावली एका बाजूला चिकटते. टोपीसकट आणि टोपीशिवाय काढलेले फोटो शेजारी ठेवले तर सावलीच्या कडेत फरक सापडत नाही. टोपीवर टिश्यूचे दोन थर गुंडाळून पाहिले. फरक शून्य, सेल मात्र लवकर उतरतात.

टोपी नेमकी कशासाठी असते? घरच्या घरी काही चांगलं बनवता येईल का? शिवाय मॅक्रोत (अगदी जवळून काढलेल्या फोटोत) भुंग्याच्या पाठीवर पांढरा फटक ठिपका येतो, त्याचं काय करायचं?

भिंगोबा
टिश्यूचा अख्खा रोल गुंडाळलात तरी कड मऊ होणार नाही. प्रकाश कशातून गाळून येतो यापेक्षा समोरच्या माणसाला तो केवढ्या आकाराच्या ठिकाणाहून येताना दिसतो, यावर सगळं ठरतं.

सावलीच्या कडेचा धूसर पट्टा किती रुंद पडेल, याचा हिशेब सोपा आहे: दिव्याची रुंदी × (अडथळ्यापासून सावली पडते तिथपर्यंतचं अंतर ÷ दिव्यापासून अडथळ्यापर्यंतचं अंतर). फ्लॅशची काच साधारण ७ सेंमी रुंद धरा, नाकापासून गालापर्यंत अडीच सेंमी, फ्लॅश दीड मीटरवर. ७ × २.५ ÷ १५० म्हणजे जेमतेम १ मिमी. टोपी लावून रुंदी ८ सेंमी झाली तर १.३ मिमी. हा फरक फोटोत कुठून दिसणार? आता ६० सेंमीची फ्लॅशची छत्री किंवा सॉफ्टबॉक्स (तोंडाला पांढरा पडदा लावलेलं फ्लॅशचं खोकं) १ मीटरवर आणा: ६० × २.५ ÷ १०० = १५ मिमी. सावली गालावर विरघळते म्हणतात ती ही.

तोच ६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स ३ मीटरवर नेला तर पट्टा ५ मिमीवर येतो. म्हणून मोठं साधन विकत घेऊन लांब ठेवण्यात हशील नाही. त्याच्या कर्णाएवढ्या अंतराच्या आसपास, चौकटीत दिसणार नाही इतकं जवळ आणायचं.

टिश्यूचे थर फक्त प्रकाश खातात. एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, खाल्ला की टीटीएल दुप्पट ताकद ओतून तो भरून काढतं. तुमचे सेल तिथे जातात.

कात्री_डिंक
वरच्याशी सहमत, पण टोपीला अगदीच निकालात काढू नका. ती प्रकाश सगळ्या दिशांना उधळते. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत डोकं थोडं वर केलं की उधळलेला प्रकाश छतावरून, भिंतींवरून परत येतो आणि सावल्या भरतात. म्हणजे मोठा दिवा खोलीच असते. उघड्यावर किंवा उंच छताच्या हॉलमध्ये परत यायला काहीच नसतं, तिथे टोपी म्हणजे एक-दीड स्टॉपचा निव्वळ तोटा.

आधी फुकटातला उपाय करा. टोपी काढा, फ्लॅशचं झूम हाताने २४ ते ३५ मिमीवर आणा, डोकं छताकडे वळवा. ४५ अंशांवर अडकू नका, इथेच बहुतेकांची गफलत होते. फ्लॅशच्या वर छत १.३ मीटर असेल तर ४५ अंशांचा झोत १.३ मीटर पुढे, म्हणजे जवळपास माणसाच्या टाळूवरच आदळतो. मग प्रकाश उभा खाली येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. दीड मीटरवरच्या माणसासाठी ७५ ते ९० अंश, किंवा फ्लॅशचं डोकं मागे फिरवून तुमच्या खांद्यावरून छताकडे. तिरपा येणारा प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचतो. बाजूला पांढरी भिंत असेल तर त्याहून चांगलं, चेहऱ्याला उठाव येतो.

यात २ ते ३ स्टॉप जातात. आयएसओ २०० वरून ८०० केलं की दोन वसूल. छत हिरवं-पिवळं असेल तर माणूसही तसाच होतो, आणि भिंत वेगळ्या रंगाची असेल तर अर्धा चेहरा एक, अर्धा दुसरा. ते नंतर सुधारणं जिकिरीचं आहे.

आता कात्री घ्या.

छत रंगीत किंवा फार उंच असेल तर बाउन्स कार्ड (प्रकाश माणसाकडे परतवणारा पांढरा तुकडा). २ मिमीची पांढरी फोमशीट. खाली १२ सेंमी, वर २५ सेंमी, उंची २५ सेंमी असा तुकडा कापा. खालच्या ३ सेंमीला फ्लॅशच्या डोक्याभोवती वेल्क्रोच्या पट्टीने आवळा. डोकं सरळ वर आणि कार्ड माणसाकडे २०-३० अंश झुकलेलं. फोम आपल्या वजनाने मागे पडत असेल तर पाठीवर उभी ताठ तार चिकटवा. २५ सेंमी म्हणजे ७ पेक्षा साडेतीनपट. चमत्कार नाही, पण नाकाखालचा काळा पट्टा नक्की मवाळ होतो आणि डोळ्यांत चमक येते.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवता येत असेल, म्हणजे केबल किंवा रेडिओ ट्रिगर असेल, तर पुठ्ठ्याचा सॉफ्टबॉक्स करा. खोक्याचं तोंड ४० × ३० सेंमी, खोली २५ सेंमी. आतून सगळीकडे पांढरा कागद. अॅल्युमिनियम फॉइल लावायचं तर चुरगाळून मग सरळ करून, नाहीतर आरशासारखे पट्टे पडतात. मागच्या बाजूला फ्लॅशच्या डोक्यापेक्षा २-३ मिमी लहान भोक. पुठ्ठा दाबून बसला की डोकं घट्ट राहतं. तोंडाला ट्रेसिंग पेपर ताणून.

एवढ्यावर थांबलात तर मधोमध हॉटस्पॉट (जास्त उजळ ठिपका) येणार आणि दिवा ४० सेंमीचा न राहता १५ सेंमीचा राहणार. म्हणून फ्लॅशपासून १० सेंमीवर १५ × १२ सेंमीचा ट्रेसिंग पेपरचा दुसरा पडदा चार दोऱ्यांनी टांगा. तो मधला झोत अडवतो, कडेने प्रकाश भिंतींवर जातो. फ्लॅशची पुढची वाइड (झोत रुंद करणारी) पट्टीही ओढून घ्या.

तपासायचं असं: फ्लॅश मॅन्युअलवर (ताकद हाताने ठरवून) पूर्ण ताकदीच्या १/६४, कॅमेरा एफ १६, आयएसओ १००, आणि खोक्याच्या तोंडाचाच फोटो. पांढरा जळाला तर आणखी एफ वाढवा. मध्य आणि कोपरे यांत एका स्टॉपपेक्षा जास्त फरक असेल तर आतला पडदा थोडा मोठा करा.

मीटर_रीडिंग
वर राहिलेल्या काही गोष्टी.

कागद, प्लास्टिक, फोम काहीही फ्लॅशच्या काचेला टेकवून लावू नका. पूर्ण ताकदीचे फ्लॅश पाठोपाठ मारले की काचेसमोर खूप उष्णता साठते. पातळ प्लास्टिक आकसतं, कागद करपतो आणि काचेवर डाग पडतात ते जात नाहीत. २-३ सेंमी फट हवी. पूर्ण ताकदीचे १५-२० फ्लॅश झाले की काही मिनिटं थांबा.

बटर पेपर पिवळसर असतो, काही टिश्यू निळसर झाक देतात. डिफ्यूझर लावूनच ग्रे कार्डचा (करड्या पुठ्ठ्याचा) एक फोटो काढा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक घालवणारी जुळणी) धरा. डिफ्यूझर बदलला की पुन्हा.

गाइड नंबर ४० हा १०५ मिमीचा आकडा आहे, वाइडवर तो बराच खाली येतो. हिशेब असा: १०५ मिमीला उघडा फ्लॅश आयएसओ १०० वर एफ ८ ला ५ मीटर पोचतो. दोन स्टॉप गेले की गाइड नंबर अर्धा, म्हणजे एफ ८ ला अडीच मीटर. फोटो काळे येत असतील तर आधी फ्लॅश पूर्ण ताकदीला टेकलाय का ते पाहा. टेकला असेल तर फ्लॅश कॉम्पेन्सेशन (टीटीएलला ताकद वाढवायला सांगणारं सेटिंग) +३ करूनही काही मिळणार नाही. आयएसओ वाढवा किंवा जवळ जा.

आणि माणसाला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे आणा. सावली खाली घसरून चौकटीबाहेर जाते. यापेक्षा स्वस्त डिफ्यूझर नाही.

सहा_पाय
भुंग्याचं उत्तर माझ्याकडून. पाठीवरचा ठिपका म्हणजे तुमच्या फ्लॅशचं प्रतिबिंब. तो घालवता येत नाही, पसरवता येतो.

१०० मिमी मॅक्रो लेन्सवर १:१ ला (सेन्सरवरची प्रतिमा किड्याएवढीच) किडा लेन्सच्या तोंडापासून साधारण १३-१५ सेंमीवर असतो. शूवरचा फ्लॅश त्याच्या बराच मागे, म्हणजे किड्याला तो लहान दिसतो, शिवाय लेन्सची सावली आड येते. म्हणून पडदा पुढे आणायचा. पातळ, लवचीक दुधी प्लास्टिकची २० × २५ सेंमी शीट घ्या, खालच्या भागात लेन्सच्या तोंडाएवढं गोल भोक पाडा, लेन्सवर अडकवा आणि वरचा भाग किड्याच्या डोक्यावर छपरासारखा पुढे वाकवा. त्या शीटच्या वर ३-४ सेंमी फट ठेवून ट्रेसिंग पेपरचा दुसरा थर. फ्लॅशपासून शीटपर्यंत पुठ्ठ्याचं, आतून पांढरं नळकांडं केलं की प्रकाश बाहेर सांडत नाही.

मॅन्युअल १/८, एफ ११, १/१६०, आयएसओ २०० इथून सुरुवात. १/१६ वर भागलं तर उत्तम. कमी ताकदीला चमक फार थोडा वेळ टिकते, हात हलल्याचं दिसत नाही. छप्पर ५ सेंमीपेक्षा जवळ नेलंत तर किडा उडून जातो, ते मात्र तुम्हीच सांभाळायचं.

छायावेडा
भिंतीपासून पुढे आणून, झूम २४ वर, डोकं ८० अंशांवर, आयएसओ ८००. नाकाची कड गेली. आता अडचण चष्म्याची: काचेत छताचा मोठा पांढरा चट्टा दिसतो.

भिंगोबा
दिवा मोठा झाला की काचेतलं प्रतिबिंबही मोठं होणारच. प्रकाश जितक्या कोनात काचेवर येतो तितक्याच कोनात पलीकडे जातो. तो कॅमेऱ्यात येऊ द्यायचा नाही. फ्लॅशचं डोकं बाजूच्या भिंतीकडे वळवा आणि माणसाला चेहरा त्या भिंतीपासून थोडा पलीकडे फिरवायला सांगा. तरी राहिलं तर चष्म्याच्या काड्या कानावर अर्धा सेंमी वर उचला, काचा खाली झुकतात आणि चट्टा निघून जातो. फोटोत कळतही नाही.