झोप ‘चाळवते’ की मोडते?

मिटलेला डोळा (रात्री २:४७)

झोप नाही, म्हणून टंकतोय. ठाणं, चौथा मजला, लाइट सव्वाबाराला गेली ती अजून आलेली नाही, उशी दोन्हीकडून गरम.

एका गोष्टीचा अनुवाद चाललाय. उन्हाळ्याची रात्र, घरात म्हातारी एकटी, बाहेर कुत्रं भुंकतं आणि तिची झोप... मी लिहिलं ‘चाळवली’. संपादकबाईंनी समासात शेरा मारला: ‘चाळवणे हे भूक आणि वासना यांच्यासाठी. म्हातारीला नको. झोपमोड झाली असे करावे.’ आता माझी आई जन्मभर ‘हळू बोला रे, पोराची झोप चाळवेल’ म्हणत आली. तिच्या मनात काही वावगं होतं असं मला वाटत नाही. आणि झोपमोड म्हणजे झोप गेलीच की. माझी म्हातारी पुरती उठत नाही, नुसती कूस बदलते. तर मी चूक की बाई?

दुसरं. पुढच्याच ओळीत तिच्या डोक्यात भलतंसलतं यायला लागतं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. त्याला एक शब्द हवाय. ‘विचारचक्र’ नको, चक्र निदान फिरून जागेवर येतं. नमुना म्हणून माझ्या डोक्यात आत्ता काय आहे ते सांगतो: गॅसचं बटण बंद केलं का, चौथीच्या सहलीत एकाचे पाच रुपये द्यायचे राहिले, आणि ‘कूस बदलणे’मधली कूस नि ‘कूस उजवणे’मधली कूस एकच का.

अनुस्वार (२:५८)

एकच. संस्कृत कुक्षि. पोट, गर्भाशय, बरगड्यांखालची बाजू, सगळ्याला तोच शब्द. वामकुक्षी म्हणजे डावी कूस, जेवल्यावर डाव्या अंगावर घटकाभर आडवं होणं. दुपारी अडीच तास उताणं घोरण्याला वामकुक्षी म्हणत नाहीत, हे आमच्या तीर्थरूपांना शेवटपर्यंत पटलं नाही.

चाळवणे हे ‘चल्’च्या घरातलं. जागचं हलवणं. चाळणी, चाळा, पायातले चाळ, पुस्तक चाळणं, सगळीकडे हालचाल आहे. निजलेली भूक हलली की चाळवते, तशीच झोप. बाईंना आधी वासना आठवली त्याला शब्द काय करणार?

तिरकस (३:०१)

आणि आमची गिरगावातली चाळ?

अनुस्वार (३:०२)

तिचा काही संबंध नाही.

तिरकस (३:०२)

पावसाळ्यात येऊन बघा. हलते.

पडवी (३:०९)

मीही जागीच. रत्नागिरीजवळ माहेरी आलेय. बाईंचा शेरा वाचून हसू आलं. आमच्याकडे तान्ह्या पोराबद्दल दुसरं क्रियापदच नाही. पाळण्यात पोर आहे, कुणीतरी भांडं पाडलं, ते डोळे न उघडता हात झाडतं, ओठ काढतं. ही चाळवली. रडायला लागलं की मोडली. आणि रात्री दोनला फोन वाजला की तुमची-आमची उडते. मोडलेली परत लागू शकते, उडालेली त्या रात्री परत येत नाही.

तसंच येणं आणि लागणं. मला आत्ता झोप येतेय, पण लागत नाहीये. हे नवऱ्याला (तो बंगाली) समजावताना माझ्या नाकी नऊ आले. त्याचं म्हणणं, आली तर झोप, त्यात लागायचं काय?

बाकी इथे नुसतं गदमदतंय. वारा नाही, माडाची झावळी हलत नाही. खळ्यात चटई टाकली तर डास.

वऱ्हाडी ठेचा (३:१६)

गदमदतंय, उकडतंय... तुम्ही लोक काय बटाटे आहात का बे? आमच्या अकोल्यात सरळ म्हणतात, गरमी होऊन राहिली. पंचवीस मेपासून नवतपा सुरू होते, नऊ दिवस. संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारा लागते, तरी रात्री अकरापर्यंत पाय पोळतात. आज कूलरचा टिल्लू पंप बंद पडला, गवत कोरडं ठक्क, पंखा नुसता गरम हवा फेकून राहिला. म्हणून जागा हाव.

शुद्धमती (३:२१)

‘गरमी’ हा मराठी शब्द नाही. हिंदीची उष्टावळ आहे, आणि हिंदीतही तो फारसीतून आला. आपल्याकडे उकाडा, उष्मा, काहिली, तलखी असे शब्द असताना ही उसनवारी कशाला? शिवाय जुन्या मराठीत गरमी हे एका रोगाचं नाव आहे. चारचौघांत ‘मला गरमी झाली’ म्हणताना जरा विचार करावा.

वऱ्हाडी ठेचा (३:२३)

माझ्या आजीला हिंदीचा ह येत नव्हता. ती गरमीच म्हणे. तिला उष्टावळ म्हणून राहिले का तुम्ही?

अनुस्वार (३:३०)

शुद्धमतीताई, घामाला तरी मराठी मानता ना? घाम आला संस्कृत ‘घर्म’वरून. घर्म म्हणजे मुळात उष्णता, घाम नंतर. आणि फारसीतला ‘गर्म’ हा त्याच घर्माचा सख्खा चुलतभाऊ, इराण आणि आपण वेगळे व्हायच्या आधीचा. म्हणजे घामोळं आपलं नि गरमी परकी असं म्हणायचं तर एकाच आजोबांच्या एका नातवाला ओसरीवर घ्यायचं आणि दुसऱ्याला फाटकातून परत पाठवायचं.

आणि बटाट्यांबद्दल. ठेचाभाऊ चेष्टेत बोलले, पण बरोबर बोलले. उकडणे हे ‘उत् + क्वथ्’वरून. क्वथ् म्हणजे पाण्यात शिजणं, उकळणं. त्याच क्वाथाचा आपला काढा. कढत पाणी त्याचंच, कढी त्याचीच. म्हणजे उकाडा आणि काढा एका चुलीवरचे.

कढीपत्ता (३:३४)

कढीचा विषय निघाला म्हणून उठले. ‘उकळणे’ही यातच का? आमच्या सासूबाई कढीला उकळी येऊ देत नाहीत, फुटते म्हणतात. मग तिला कढी का म्हणायचं?

अनुस्वार (३:३६)

उकळणे वेगळं असावं. ळ कुठून आला ते बघायला हवं.

पडवी (३:४०)

मग वऱ्हाडात उकडत नाही हे शब्दशः खरं आहे. उकडायला पाणी लागतं, वाफ लागते. मोदक उकडतात, दाणे भाजतात. कोकणात, मुंबईत हवाच ओली, घाम येतो पण वाळत नाही, म्हणून आम्ही उकडतो. अकोल्याला कोरडं, तिथे माणूस भाजतो. म्हणून तर त्यांचा कूलर आमच्याकडे चालत नाही. मामाने हौसेने आणला होता, दोन दिवसांत भिंतीला ओल आली.

वऱ्हाडी ठेचा (३:४२)

भाजून राहिलो. पटलं. ताई, तुमच्यासाठी ठेचा पाठवतो.

तिरकस (३:४५)

हवामान खात्याला विचारा. त्यांची ‘उष्ण रात्र’ अशी असते: दिवसाचं कमाल तापमान निदान ४० अंश, आणि रात्रीचं किमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त. त्याच्याही वर गेलं की ‘अति उष्ण रात्र’. मुंबईचा पारा ४० ला क्वचित पोचतो. म्हणजे गिरगावात आम्ही टक्क जागे असतो ते सरकारदप्तरी जमा होत नाही. ‘उष्ण रात्र’ हे नाव मात्र आमच्या लहानपणी मॅटिनीला लागणाऱ्या सिनेमाचं शोभलं असतं. यावर संपादकबाईंचा शेरा हवा.

उत्तरध्रुव (३:५०)

स्टॉकहोममधून. इथे बारा वाजून वीस मिनिटं झालीत आणि आभाळ अजून पुरतं काळं नाही. जूनमध्ये साडेतीनला सूर्य वर येतो. पहिल्या वर्षी आईला फोनवर म्हणालो, ‘पहाटे दोनला जाग आली.’ ती म्हणाली, दोनला कसली पहाट, ती मध्यरात्र. मी म्हटलं, अगं उजाडायला लागलंय. मग ती म्हणाली, तुमच्याकडचा कोंबडा कधी आरवतो ते सांग. आमच्याकडे कोंबडा नाही.

पण खरंच, आत्ता तुमच्याकडे रात्र आहे की पहाट? आणि सगळे ‘आज झोप नाही’ म्हणताय की ‘काल’?

अनुस्वार (३:५६)

आपला वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळाचा बाराला. मंगळवारी रात्री तीनला जन्मलेलं मूल पंचांगात मंगळवारचं, जन्मदाखल्यावर बुधवारचं. रात्रीचे प्रहर चार, तीन-तीन तासांचे. चौथा लागला की पहाट म्हणायला हरकत नाही. म्हणजे मूळ प्रश्न रात्री विचारला गेला आणि आपण उत्तरं पहाटे देतोय.

कढीपत्ता (४:०१)

यापायी आमची गाडी चुकली होती. तिकिटावर तारीख १५, वेळ ००:२०. आम्ही पंधराला रात्री जेवून, दहीभाताचा डबा बांधून, साडेअकराला फलाटावर. गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली. यांनी अजून कबूल केलेलं नाही की तिकीट यांनी काढलं होतं. दहीभात फलाटावरच खाल्ला.

शुद्धमती (४:०४)

वर कुणीतरी ‘लाइट गेली’ लिहिलं आहे. वीज गेली.

तिरकस (४:०५)

वीज पडते. जाते ती लाइट.

माळवद (४:१८)

सोलापूरकडचा. सगळे उकाड्यात अडकलात, दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघेना. मी ‘रवंथ’ सुचवतो. आमच्या गोठ्यात रात्री दोनला गेलं की गाय बसलेली असते, डोळे अर्धे मिटलेले, तोंड हलत असतं. दिवसभर जे घाईत गिळलं ते एकेक घास वर येतं. सकाळचा कडबा, दुपारची पेंड, मध्येच कुठलं तरी गवत. क्रम नाही. लहानपणी माळवदावर बाज टाकून पडलो की खालून तो आवाज ऐकू यायचा, गळ्यातली घंटा मधूनच वाजायची. म्हातारीलाही तसंच होत असणार.

मिटलेला डोळा (४:२६)

माळवददादा, हे सुंदर आहे. पण गाय रवंथ करताना सुखात असते. माझी म्हातारी नाही. तिला पाच रुपये द्यायचेत.

माळवद (४:३१)

गायीला विचारलंत का?

पडवी (४:३३)

आमच्याकडे ‘डोक्यात किडे वळवळतात’ म्हणतात. सुंदर नाही, पण सुखाचंही नाही.

शुद्धमती (४:४०)

‘विचारतरंग’.

वऱ्हाडी ठेचा (४:४१)

तरंग कूलरच्या टाकीत असते. तेही आटले.

मिटलेला डोळा (दुसऱ्या दिवशी दुपारी १:१५)

लाइट पाच वाजता आली. डोळा लागला तो साडेआठला उघडला, ऑफिसला उशीर. सगळ्यांचे मुद्दे नीट मांडून, चल् धातू वगैरे घालून, बाईंना कळवलं. आताच त्यांचं उत्तर आलं: ‘चाळवली ठेवायला हरकत नाही. पण पानं जास्त झाल्यामुळे तो परिच्छेद काढला आहे.’

कढीपत्ता (१:२२)

ते राहू दे. उकळणेतला ळ कुठून आला ते बघितलं का कुणी?

अनुस्वार (१:४०)

जेवून डाव्या कुशीवर पडलोय. उठलो की बघतो.