मदत हवी आहे: २०३० चं उत्सर्जन २.६ पट येतंय, गाइड म्हणतात चूक, शुक्रवारी सबमिशन

पंचगंगाकाठ (मंगळवार, रात्री १०:४०)
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. प्रोजेक्टमध्ये २०३० पर्यंतचं पीएम २.५ चं (हवेतले अतिबारीक कण) उत्सर्जन काढायचंय, म्हणजे शहराच्या हवा आराखड्यात कुठला उपाय केला तर किती फरक पडेल ते दाखवता येईल. गाड्यांचं काम आधी घेतलंय. वाढीचा दर ९ टक्के धरला, उत्सर्जन फॅक्टरने (किमीमागे किती धूर) गुणलं, तर २०३० ला बेस इयरच्या, म्हणजे ज्या वर्षापासून मोजतोय त्याच्या, २.६ पट येतंय. गाइड म्हणतात हे शक्य नाही, परत कर, पण कुठं चुकलंय ते सांगत नाहीत. एक्सेल तीनदा तपासलं, फॉर्म्युला बरोबर आहे. प्लीज थिअरी नको, नेमकं काय बदलू तेवढं सांगा.

प्राजक्ता_आर (रात्री १०:५८)
शहर कुठलं? बेस इयर कुठलं? गाड्यांची संख्या कुठून घेतली? आणि "फॅक्टर" म्हणजे कुठल्या गाडीचा, कुठल्या बीएसचा (भारत स्टेज, गाडीच्या धुराची सरकारी मर्यादा)? बेस २०१९ असेल तर १.०९ चा ११ वा घात २.५८ येतो, त्यामुळे गणित बरोबरच आहे तुझं, आत काय घातलंय ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

डेटा_संग्राम (रात्री ११:०५)
सरळ ९ टक्के लावून ११ वर्षं पुढं नेणं जुनी पद्धत झाली. मागच्या १५ वर्षांचे आकडे घे, एरिमा मॉडेल (मागच्या कलावरून पुढचा अंदाज काढणारं) लाव, पायथनमध्ये दहा ओळींचं काम आहे. मी कांद्याच्या भावासाठी केलंय, चांगलं जुळलं होतं. कोड हवा तर व्यनि कर.

पंचगंगाकाठ (रात्री ११:१२)
शहर कोल्हापूर, बेस २०१९. गाड्या आरटीओच्या एकूण नोंदणीवरून. फॅक्टर एका जुन्या रिपोर्टमधून, ग्रॅम प्रति किमी, प्रत्येक प्रकारच्या गाडीला एकेक. हेच सगळे वापरतात ना?

निवृत्त_निरीक्षक (रात्री ११:३१)
एकूण नोंदणी हीच पहिली चूक. ३० वर्षं आरटीओच्या कामात घालवली म्हणून सांगतो. नोंदणीचा आकडा फक्त चढत जातो. गाडी भंगारात गेली तरी मालक नोंदणी रद्द करायला येत नाही, कोण फेऱ्या मारणार. २००३ ची एमएच-०९ ची कितीतरी स्कूटर आज कागदावर जिवंत आहे आणि तिचं इंजिन कधीच कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाला लागलंय. तुम्ही कागदावरच्या गाड्यांना रोज रस्त्यावर पळवताय. दरवर्षीची नवीन नोंदणी वेगळी काढा, म्हणजे २००५ ला किती, २००६ ला किती, आणि मग प्रत्येक वर्षातल्या किती उरल्या असतील ते लावा.

प्राजक्ता_आर (रात्री ११:४४)
काकांचं शंभर टक्के बरोबर. याला सर्व्हायव्हल कर्व्ह म्हणतात, बहुतेक जण त्यासाठी वायबुल नावाचं सूत्र वापरतात. पण दुसरी चूक त्याहून मोठी आहे. गाडीच्या प्रकाराला एकच फॅक्टर, म्हणजे २०१९ ची डिझेल कार आणि २०३० ची डिझेल कार सारखाच धूर सोडणार असं तू धरलंयस. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आपण बीएस-५ गाळून थेट तिथं गेलो. डिझेल कारची पीएमची मर्यादा बीएस-३ ला किलोमीटरला ५० मिलिग्रॅम, बीएस-४ ला २५, बीएस-६ ला ४.५. हे प्रयोगशाळेतले आकडे, रस्त्यावर गाडी जास्तच सोडते आणि जुनी होईल तसं आणखी, पण दिशा बघ.

समजा २०१९ ला सगळ्या बीएस-४ कार मिळून १०० किमी पळायच्या, २५०० मिलिग्रॅम. २०३० ला पळणं दुप्पट झालं, २०० किमी, त्यातले १६० बीएस-६ वर आणि ४० अजून जुन्या बीएस-४ वर. १६० गुणिले ४.५ म्हणजे ७२०, ४० गुणिले २५ म्हणजे १०००. एकूण १७२०. पळणं दुप्पट होऊनही एकूण कमी झालं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त त्या २० टक्के जुन्या पळण्यातून आलं. तुझ्या आराखड्याला लागणारं उत्तर इथं आहे, जुन्या गाड्या किती लवकर रस्त्यावरून जातात त्यात.

हिरवी_वाट (रात्री ११:५०)
एवढी आकडेमोड करण्यापेक्षा रंकाळ्याभोवती वड-पिंपळ लावा. आमच्या सोसायटीत ४० झाडं लावली, फरक जाणवतो.

पंचगंगाकाठ (बुधवार, सकाळी ७:१५)
हिरवी वाट, झाडं लावायलाच हवीत पण माझा प्रश्न तो नाही. प्राजक्ताताई, मग पुण्याच्या रिपोर्टमध्ये वर्षानुसार फॅक्टर दिलेत ते उचलू का?

निवृत्त_निरीक्षक (सकाळी ७:४०)
जसेच्या तसे नको. एप्रिल २०१० ला बीएस-४ पहिल्यांदा १३ शहरांत आलं, त्यात पुणे होतं, सोलापूरही होतं, कोल्हापूर नव्हतं. सगळ्या देशाला १ एप्रिल २०१७ ला लागू झालं. म्हणजे २०१२ ची गाडी पुण्यात वेगळी आणि आपल्याकडं वेगळी असू शकते. आणि ट्रक तर कुठलाही असो, हायवेवर नागालँडपासून तमिळनाडूपर्यंतच्या पाट्या दिसतात.

पंपवाला_कागल (सकाळी ८:२०)
तुम्ही गाड्या मोजायच्या भानगडीत पडताच कशाला? जिल्ह्यात डिझेल-पेट्रोल किती विकलं त्याचे आकडे ऑइल कंपन्यांकडं असतात. लिटरला एवढे ग्रॅम लावले की झालं. गाडी खोटी असेल, जळलेलं डिझेल खोटं नसतं.

प्राजक्ता_आर (सकाळी ८:३५)
पडताळणीला चांगलं, पण एकट्या त्यावर नको. निपाणी पलीकडं डिझेल स्वस्त असलं की ट्रक टाकी तिकडं भरतात आणि धूर कोल्हापुरात सोडतात. शिवाय विकलेलं डिझेल शेतातल्या पंपाला, जनरेटरला, जेसीबीलाही जातं.

पंपवाला_कागल (सकाळी ८:४२)
ताई, मी रोज बघतो कोण काय भरतं ते. तुमच्या सर्व्हेवाल्या पोरांनी एका चौकात दोन तास उभं राहून मोजलेल्या गाड्यांपेक्षा माझं रजिस्टर पक्कं आहे.

प्राजक्ता_आर (सकाळी ८:५०)
रजिस्टर पक्कंच आहे, मी ते नाकारत नाही. पण २०३० ला काय होईल ते रजिस्टर सांगत नाही. लिटर वाढले म्हणजे ट्रक वाढले का जुने ट्रक जास्त पितात, हे त्यात दिसत नाही. दोन्ही करावं आणि ताडून बघावं. दीडपटीहून जास्त फरक आला तर मी तरी आधी रोजच्या पळण्याचा आकडा परत बघते.

शिरोळचा_शेतकरी (सकाळी ९:०५)
एक विचारतो. कोल्हापूरची हवा म्हणताय आणि सगळी चर्चा गाड्यांवर. गळीत हंगामात इकडं या, तोडणी सुरू झाली की पाचट पेटतं, गुऱ्हाळाला चिपाड जळतं, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून रात्रभर ऊस चाललेला असतो. हे धरलंय का?

पंचगंगाकाठ (सकाळी ९:२०)
पाचट धरलं नव्हतं, शहराची हद्द घेतली होती. ट्रॅक्टर पण नाहीत. फाउंड्री धरल्यात, शिरोली आणि गोकुळ शिरगाव, त्यांनापण ९ टक्केच लावलंय.

प्राजक्ता_आर (सकाळी ९:३१)
हे आधी सांगायचं ना. फाउंड्रीला गाड्यांचा दर कसा लागेल? तिथं दोन गोष्टी वेगळ्या आहेत, वर्षाला किती टन कास्टिंग निघतं आणि ते कोकवरच्या क्युपोला भट्टीत वितळतं का इंडक्शन भट्टीत. टनामागे क्युपोलाचा धूर कितीतरी जास्त. कास्टिंग वाढलं पण क्युपोला कमी झाल्या तर एकूण खाली येईल. प्रत्येक क्षेत्राचं सूत्र एकच, काम गुणिले फॅक्टर गुणिले (१ वजा नियंत्रण, म्हणजे धुराचा जेवढा भाग अडवला जातो तो), पण तिन्ही गोष्टी प्रत्येक क्षेत्राच्या आपापल्या.

चंद्रपूरकर (सकाळी १०:०२)
आणि ती इंडक्शन भट्टी विजेवर चालते. वीज कुठून येते? आमच्या चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं केंद्र आहे. तुमच्या तक्त्यात क्युपोला गेली म्हणून उत्सर्जन उतरलेलं दिसेल, आमच्या उशाला राख तशीच. निदान एक ओळ तरी लिहा की हा भार दुसरीकडं सरकला.

नियमाचं पण ऐका. औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ ला आली, दोन वर्षांत पाळायची होती. मुदत वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना एफजीडीतून (धुरातला सल्फर काढायची यंत्रणा) सूटच मिळाली. नॉन-अटेनमेंट, म्हणजे हवेची मर्यादा न पाळणाऱ्या, शहरांजवळची केंद्रं गट ब मध्ये, त्यांचं एकेका केंद्राचं बघून ठरवणार. आता ज्यांनी २०१६ ला बसून "२०१८ पासून सल्फर एकदम खाली" असा आलेख काढला असेल, त्यांच्या आलेखाचं काय झालं असेल? म्हणून नुसता नियम कागदावर आहे म्हणून तो आलेखात उतरवू नका. एक रेघ नियम वेळेवर पाळल्याची, एक रेघ रेंगाळल्याची.

डेटा_संग्राम (सकाळी १०:२०)
म्हणूनच म्हणतो मॉडेलला डेटातून शिकू द्या, एवढी गृहीतकं कशाला.

प्राजक्ता_आर (सकाळी १०:३३)
संग्राम, २०१९ पर्यंतच्या आकड्यात बीएस-६ नव्हतंच, तर मॉडेल ते शिकणार कुठून? कांद्याच्या भावाला मागचा कल चालतो. इथं प्रश्नच असा आहे की धोरण बदललं तर काय होईल, म्हणजे मागं कधी न झालेली गोष्ट.

डेटा_संग्राम (सकाळी १०:४१)
हे मान्य. पण गाड्यांच्या विक्रीच्या अंदाजाला तरी चालेल की.

प्राजक्ता_आर (सकाळी १०:४७)
विक्रीला चालेल, पण वरची मर्यादा घालून. घरटी दोन दुचाक्या झाल्या की तिसरी घेण्याचा वेग कमी होतो, ९ टक्के कायम राहत नाही. माणशी उत्पन्नाला जोडून एस आकाराचा वक्र घे. लोकसंख्येला २०११ नंतरची जनगणना नाही, सगळे जण लोकसंख्या अंदाजाच्या सरकारी तांत्रिक गटाचे २०३६ पर्यंतचे राज्याचे अंदाज वापरतात, त्यातून शहराचा वाटा काढावा लागेल.

मास्क_लावा (सकाळी ११:१०)
एन-९५ वापरा, कापडी मास्कने पीएम २.५ थांबत नाही. घरात प्युरिफायर घेताना खोलीचं क्षेत्रफळ बघून घ्या, फिल्टर दरवर्षी बदला.

शिरोळचा_शेतकरी (सकाळी ११:२५)
अजून एक, बेस इयर २०१९ का घेतलं? त्या ऑगस्टमध्ये महापूर होता. आमचं गाव कित्येक दिवस पाण्यात, हायवे बंद, ऊस उभा कुजला, पुढच्या हंगामात कारखान्यांना ऊस कमी पडला. त्या वर्षाचं पाचट आणि गाळप धरून पुढचं काढलं तर सगळंच खाली येणार.

प्राजक्ता_आर (सकाळी ११:३२)
दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. २०२० लॉकडाऊनमुळे टाळायचं म्हणून सगळे डोळे झाकून २०१९ घेतात. त्यात त्या वर्षी वाहन उद्योगातली मंदी होती, फाउंड्रीचं काम त्यावरच चालतं. मग शेती आणि फाउंड्रीला एका वर्षावर न राहता मागच्या तीन वर्षांची सरासरी घ्यावी.

पंचगंगाकाठ (दुपारी १:१५)
पाचटाचा आकडा कुठून आणू? शुक्रवार जवळ आलाय.

शिरोळचा_शेतकरी (दुपारी १:४०)
हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. तालुक्याचं उसाचं क्षेत्र कृषी खात्याकडं मिळेल. पण सगळं जळत नाही. पूर्वी खोडवा ठेवायचा म्हटलं की काडी लावायचीच, आता बरेच जण सरीत पसरून कुजवतात, आमच्या रानात गेली सात वर्षं काडी लागली नाही. मशीनने तोडलं की पाचट बारीक होऊन पडतं, ते जाळायची गरजच राहत नाही. किती टक्के जळतं ते गावागावात वेगळं. दोन-तीन गावं फिरा, चहाला बसा, लोक सांगतात. मशीन किती वाढतायत तेपण विचारा, तुमचं २०३० त्याच्यावर आहे.

पंचगंगाकाठ (गुरुवार, रात्री ९:५०)
अपडेट देतो. वर्षवार नोंदणी घेतली, सर्व्हायव्हल लावला, बीएसप्रमाणे फॅक्टर लावले. गाड्यांच्या धुराचं २०३० चं आता बेस इयरच्या खाली येतंय. काल गावात जाऊन आलो, पाचटाला "२०३० ला निम्मं जळणं थांबलं" आणि "आहे तसंच" अशा दोन रेघा केल्या, ट्रॅक्टरपण घातले. गाइडना दाखवलं, पहिल्यांदाच म्हणाले की आता बोलण्यासारखं आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः शिरोळच्या दादांचे.

पण नवीन अडचण. रस्त्यावरची धूळ आता सगळ्यात मोठी झालीय आणि ती पळण्याच्या किमीप्रमाणे वाढतच जातेय, २०३० ला इलेक्ट्रिक गाड्या टाकल्या तरी कमी होत नाही. हे बरोबर आहे का परत चुकलो?

प्राजक्ता_आर (रात्री १०:१२)
चुकला नाहीस. धुळीला इंजिन कुठलं याचा संबंध नाही, टायरखाली माती किती आणि गाडी किती जड एवढंच. एपी-४२ चं (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं उत्सर्जन फॅक्टरचं संकलन) सूत्र वापरलंस ना? त्यात मातीचा घात ०.९१, वजनाचा १.०२. म्हणजे रस्त्यावरची बारीक माती निम्मी केली तर धूळ साधारण ४७ टक्के खाली येते, आणि बॅटरीमुळे गाडी जड झाली तर थोडी वर जाते. कडेचा मातीचा पट्टा फरसबंद करणं, खोदाई झाल्यावर लगेच बुजवणं, बांधकामाचे ट्रक झाकून नेणं, हे तुझ्या आराखड्यात वेगळ्या रेघेनं दाखव. एनकॅपचं (राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम) २०२५-२६ पर्यंत ४० टक्के कमी करायचं उद्दिष्ट पीएम १० वर (जरा मोठे कण) होतं आणि कोल्हापूर त्या यादीत आहे, तिथं धुळीचा वाटा अजून मोठा दिसेल. पीएम १० साठी सूत्रातला स्थिरांक ०.१५ ऐवजी ०.६२ घे.

आणि अहवालात एवढं नक्की लिही की उत्सर्जन ३० टक्के कमी म्हणजे हवेतलं प्रमाण ३० टक्के कमी असं होत नाही. बाहेरून वाहत येणारं असतं, सल्फर आणि अमोनियापासून हवेतच तयार होणारे कण असतात.

पंचगंगाकाठ (रात्री १०:२०)
माती किती ते कुठून घेऊ? पुण्याच्या रस्त्यांचे आकडे घातलेत आत्ता.

निवृत्त_निरीक्षक (रात्री १०:३४)
उद्या पहाटे झाडू आणि सुपली घेऊन शिरोली नाक्यावर ये, मी ट्रॅफिकवाल्यांशी बोलून ठेवतो. एक चौरस मीटर झाडून घ्यायचं, पिशवीवर ठिकाण आणि वेळ लिहायची, मग कॉलेजच्या लॅबमध्ये चाळून वजन करायचं. निदान चार रस्त्यांचे नमुने होतील.

पंचगंगाकाठ (रात्री १०:३७)
येतो काका. साडेपाचला.