‘सेल्फ-मेड’ : गौरव आणि टोमणा, दोन्हींना पुरेल असा एकच शब्द हवा

तळटीप
एका चित्रपटाच्या मराठी डबिंगची संहिता लिहितेय, तिथे अडलंय. पिढ्यान्‌पिढ्या श्रीमंत असलेल्या घरात होणारा जावई जेवायला आलाय. सासरा विचारतो, घरचं काय आहे? तो ताठ मानेनं म्हणतो, ‘आय अ‍ॅम अ सेल्फ-मेड मॅन.’ पुढे अर्ध्या तासानं सासरा बायकोजवळ त्याचा उल्लेख ‘दॅट सेल्फ-मेड मॅन’ असा करतो. शब्द तेच, फक्त तुच्छतेनं उच्चारलेले. अख्खा प्रसंग त्या पुनरुक्तीवर उभा आहे. ‘स्वकर्तृत्वावर मोठा झालेला’ म्हटलं तर नुसता गौरव होतो, ‘नवश्रीमंत’ म्हटलं तर नुसता टोमणा. दोन्हीकडे चालेल असं मराठीत काय आहे?

जुनीपोथी
स्वकष्टार्जित. खरेदीखतात, मृत्युपत्रात, वाटणीपत्रात रोज लिहिला जाणारा शब्द आहे. वडिलोपार्जित मिळकत आणि स्वकष्टार्जित मिळकत. तुमच्या प्रसंगातला संघर्षही नेमका हाच.

रुकार
पण तो शब्द मिळकतीला लागतो, माणसाला नाही. ‘स्वकष्टार्जित जावई’ म्हटलं तर कुणीतरी कष्ट करून जावई कमावला असा अर्थ होईल. आणि लोक बोलताना सरळ ‘तो सेल्फमेड आहे’ म्हणतात. मुलाखतीत, लग्नाच्या स्थळात, सगळीकडे. तोच ठेवा की.

जुनीपोथी
सगळीकडे म्हणतात म्हणून ठेवायचं, तर डबिंग कशाला करायचं? मूळ ध्वनिपट्टीच चालू द्या.

अनुस्वार
आधी तांत्रिक बाजू बघा, म्हणजे निम्मे पर्याय आपोआप गळतील. पहिलं वाक्य क्लोजअपमध्ये असणार, म्हणजे ओठ दिसणार. ‘मेड’ आणि ‘मॅन’ या दोन्हींच्या सुरुवातीला ओठ मिटतात. मराठी वाक्यात त्याच सुमारास प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी यायला हवं, नाहीतर ओठ मिटलेले आणि कानावर ‘त्वा’ असं दिसतं. दुसरं, लांबी. ‘सेल्फ-मेड मॅन’चे तीन उच्चारखंड, ‘स्वकर्तृत्वाने मोठा झालेला माणूस’चे बारा. नट कितीही भरभर बोलला तरी चौपट मजकूर बसत नाही. तो घाईनं बोलला की त्या वाक्यातला ताठपणा जातो, आणि तेच तर वाचवायचंय. ‘आपल्या हिमतीवर आलोय मी’ म्हणून बघा. प, म, म येतात. थोडं लांब आहे, पण ‘आय अ‍ॅम अ’ची जागाही आपल्याला मिळते.
सासऱ्याचं वाक्य पाठमोरं किंवा लांबून घेतलेलं असेल तर तिथे मोकळीक आहे.

तळटीप
सासरा पाठमोराच आहे. ‘तो हिमतीवर आलेला’ असं त्याच्या तोंडी घालून वाचून पाहिलं. टोमणा लागत नाही. ‘हिंमत’ मराठीत हलकी होतच नाही, कुणीही म्हटलं तरी कौतुकच वाटतं.

कानामात्रा
मूळ इंग्रजी शब्दालाही टोमणा सहज लागत नव्हता, तो नंतर चिकटला. 1832 साली अमेरिकी सिनेटमध्ये हेन्री क्ले यांनी केंटकीतल्या कारखानदारांना ‘सेल्फ-मेड मेन’ म्हटलं तेव्हा ती निखळ स्तुती होती. धीरानं, मेहनतीनं कमावलेली माणसं असा अर्थ. पण 1854 च्या ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीत इंग्रज लेखक डिकन्सनं बाउंडरबी उभा केला. हा गिरणीमालक आपण गटारात जन्मलो, आईनं टाकून दिलं असं उठता-बसता सांगतो. शेवटी आईच समोर येते आणि कळतं की तिनं त्याला नीट वाढवलं, शिकवलं, कामाला लावून दिलं होतं. त्याचा पैसा खरा होता, खोटी होती ती गरिबी. आणि फ्रेडरिक डग्लस यांनी ‘सेल्फ-मेड मेन’ याच नावाचं व्याख्यान 1859 पासून अनेक वर्षं दिलं, पण त्यातच ते म्हणत की काटेकोरपणे बघितलं तर असा माणूस जगात नसतोच, प्रत्येकावर आधीच्यांचं काहीतरी ऋण असतं. हे म्हणणारा माणूस गुलामगिरीतून पळून येऊन मोठा झालेला होता.
म्हणून मला ‘स्वयंभू’ सुचतो. देवाची मूर्ती स्वयंभू, म्हणजे कुणी न घडवलेली. जावई स्वतःला स्वयंभू म्हणाला तर अभिमान, सासरा म्हणाला तर ‘स्वतःला देव समजतो’. दोन्ही बाजू एका शब्दात आल्या. त्यात ओठ मिटणारा ‘भ’सुद्धा आहे.

रुकार
भारी सुचलंय, पण जेवणाच्या टेबलावर ‘मी स्वयंभू आहे’ असं कोण म्हणतं? पहिल्याच वाक्याला प्रेक्षकाच्या मनातून उतरेल. मूळ वाक्यात जावई प्रामाणिक आहे, त्याला तसाच राहू द्या.

अनुस्वार
मग ‘वर आलेला’? जावई म्हणतो, ‘मी खालून वर आलेला माणूस आहे.’ सासरा म्हणतो, ‘तो खालून वर आलेला...’ आणि तिथेच थांबतो. मराठीत हा वाक्प्रचार कौतुकानंही वापरतात आणि नाक मुरडूनही.

कानामात्रा
इथे माझी हरकत आहे, आणि ती लहान नाही. ‘सेल्फ-मेड’मध्ये शिडी नाही. मला कुणी घडवलं नाही, एवढाच त्याचा दावा. ‘खालून वर’ म्हटलं की जावयानं आपली माणसं खालची आहेत हे स्वतःच्या तोंडानं मान्य केलं. सासऱ्याला मग टोमणा मारायची गरजच उरली नाही.

तळटीप
हे पटलं. पण कानावर तोच पर्याय सगळ्यात चांगला बसतोय, ही अडचण आहे.

जुनीपोथी
अस्सल मराठी शब्दांची एवढी रेलचेल असताना तुम्ही शिडी का चढताय? मातब्बर, तालेवार, गब्बर, कर्तबगार. यातला कर्तबगार घ्या.

मोडीवाचक
अस्सल मराठी म्हणताय ते शब्द बघा. मातब्बर अरबीतल्या ‘मुअतबर’वरून आला, म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवता येतो तो. मूळ मुद्दा पैशाचा नाही, पत असण्याचा. तालेवारमधलं ‘ताले’ही अरबी, उगवता ग्रह म्हणजेच नशीब, त्याला फारसी ‘वार’ लागलं. तालेवार म्हणजे ज्याचं नशीब वर आलंय तो, सेल्फ-मेडच्या अगदी उलट. कर्तबगारमध्ये ‘कर्तव्य’ संस्कृत आणि ‘गार’ फारसी. हे सगळे शब्द मराठीच आहेत, माझा त्यावर वाद नाही. पण मग ‘सेल्फमेड’ला दारातच अडवण्याचं कारण उरत नाही.

जुनीपोथी
तीनशे-चारशे वर्षं मुरलेला शब्द आणि काल आलेला शब्द एका मापानं मोजायचे नसतात. तालेवारला विभक्ती लागते, त्याची ‘तालेवारी’ होते. सेल्फमेडची ‘सेल्फमेडी’ करून दाखवा.

रुकार
‘सेल्फमेडपणा’ होतो. होतोच.

तळटीप
तोवर उलट बाजूचंही सांगा. सासऱ्याच्या घराला ‘ओल्ड मनी’ म्हटलंय. ‘जुना पैसा’ ऐकताना चलनातून बाद झालेल्या नोटा वाटतात. मी ‘गर्भश्रीमंत’ घातलाय.

मोडीवाचक
योग्य आहे. हल्ली मात्र नुसत्या ‘खूप श्रीमंत’ या अर्थानं तो वाट्टेल तिथे दिसतो, स्वतः कमावलेल्या माणसालाही गर्भश्रीमंत लिहितात. तसं कृपा करून करू नका. गर्भ म्हणजे जन्मापासून. हिंदू वारसाहक्काच्या मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मिळकतीवर जन्मतःच हक्क येतो, आणि गर्भातलं मूलही जिवंत जन्मलं तर वाटणीत धरतात. शब्द तिथूनच आला असं माझं मत आहे.

कानामात्रा
कायद्यापर्यंत जायची गरज नाही. संस्कृतात गर्भदास आहे, गर्भांध आहे. ‘जन्मापासून’ दाखवायला ‘गर्भ’ लावायची रीत जुनी आहे, श्रीमंत हा त्याच रांगेत आला.

अनुस्वार
शब्दापेक्षा सर्वनामांकडे बघा, वर्गभेद तिथे जास्त ऐकू येतो. इंग्रजीत तो उच्चारांतून दाखवतात. मराठीत त्याजागी लेखक जावयाला सरसकट ग्रामीण बोली देतात आणि पात्र विनोदी होऊन बसतं. त्याऐवजी सासऱ्याला ‘आपण’ द्या, जावयाला ‘तुम्ही’. सासरा नोकराला ‘तू’ म्हणतो आणि जावई त्याच नोकराला ‘तुम्ही’ म्हणतो, एवढ्यानं सगळं कळतं. जुन्या श्रीमंताची वाक्यं छोटी ठेवा, त्याला स्वतःचं स्पष्टीकरण द्यायची सवय नसते.
आणि उपशीर्षकंही तुमच्याकडे असतील तर ‘उच्चवर्गीय’ तीनदा तपासा. ‘र्ग’चा ‘र्ण’ झाला की वर्गाची जात होते. शुद्धलेखन तपासणीत सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

तळटीप
सर्वनामांचं आजच करते. पण मूळ शब्द?

रुकार
रंकाचा राव!

कानामात्रा
तो नशिबाचा खेळ झाला, कुणीतरी राव केला. खरं तर इंग्रजीतल्या ‘गरिबीतून वर आलेला मुलगा’ या गोष्टींच्या साच्यातही हेच आहे. अमेरिकी लेखक होरेशो आल्जरचा बुटपॉलिशवाला डिक, 1868 सालचा, कष्टाळू खराच, पण शेवटी बोटीतून पडलेल्या मुलाला वाचवतो आणि मुलाचा श्रीमंत बाप त्याला आठवड्याला दहा डॉलरची कारकुनी देतो. कोट्यधीश होत नाही, पांढरपेशा होतो, तोही कुणाच्या तरी मेहेरबानीनं.

जुनीपोथी
रंकावरून आठवलं, संहितेत अठराविश्वे दारिद्र्य आलं तर ‘अठराविसे’ लिहा. अठरा गुणिले वीस 360, वर्षाच्या 360 तिथी. म्हणजे रोजचं दारिद्र्य. ‘विश्वे’ हा अपभ्रंश आहे.

मोडीवाचक
मला हे मान्य नाही. विसवा म्हणजे विसावा भाग, जमीन मोजताना वीस विसव्यांचा बिघा होतो. अठरा विसवे दारिद्र्य म्हणजे विसांतले अठरा भाग दारिद्र्यच. ‘विश्वे’ तिथून आलं.

कानामात्रा
मग संपूर्ण दारिद्र्य दाखवायला वीस विसवे का नाही म्हणत? दोन भाग कुणासाठी राखून ठेवले? अठरा हा आपल्याकडे ‘सगळं मिळून’ सांगायचा आकडा आहे. अठरा पुराणं, अठरा पर्वं, अठरापगड जाती.

जुनीपोथी
अठरा पुराणं मोजून अठराच आहेत. तिथे ‘सगळं मिळून’ कुठून आलं? हिशेब 360 चाच आहे.

अनुस्वार
@तळटीप, जावयाला ‘माझं मीच उभं केलंय’ देऊन बघा. भ आहे, म दोनदा आहे, शिडी नाही. सासरा म्हणेल, ‘त्याचं त्यानंच उभं केलंय म्हणे.’ टोमणा त्या ‘म्हणे’त आहे.

तळटीप
‘म्हणे’ जोडला की शब्द तेच राहत नाहीत. तरी दोन्ही वाक्यं नटांकडून म्हणवून घेते.

मोडीवाचक
विसव्याबद्दल अजून एक. हिंदीत ‘बीस बिस्वे’ म्हणजे शंभर टक्के. म्हणजे हे माप वाक्प्रचारात उतरतं, हे तरी मान्य करा.