चेहऱ्यावर टाके, डोळा जांभळा आणि समोर क्लायंट: अनुभव सांगा

मोजपट्टी: शनिवारी सिंहगड रस्त्यावर स्कूटर घसरली. डाव्या भुवईवर चार टाके, डोळा सुजून जांभळा. मी घरांचं इंटिरियर करते आणि बुधवारी एका नव्या घरी पहिली भेट आहे. पुढे ढकलली तर काम हातचं जाणार. गेले तर काय होईल, त्याची झलक घरीच मिळाली. पोळ्यांच्या मावशी हळूच म्हणाल्या, "साहेब तसे वाटत नाहीत हो." नवरा तेव्हापासून माझ्यासोबत लिफ्टने यायला बिचकतोय! तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा काय केलंत? लिहा.

दारोदार: 27 वर्षं विम्याचं काम करतोय. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये नाकावर चेंडू बसला होता, तेव्हा मी गप्पच राहिलो. समोरचे काका हप्ता, मुदत, बोनस सगळं माझ्या नाकाकडे बघत ऐकत होते. शेवटी विचारलं, "स्वतःचा अपघात विमा काढलाय ना?" तेव्हापासून आदल्या दिवशी फोनवरच सांगून टाकतो: "येतोय, पण तोंड बघून दचकू नका, पडलोय." एका वाक्यात. दुसरं वाक्य जोडलं की खुलासा दिल्यासारखं वाटतं आणि मग लोक खोदतातच.

रात्रपाळी: मी व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवला. क्लायंटला वाटलं, झोपलोय. पुढच्या कॉलला काळ्या डोळ्यासकट बसलो.

पफपावडर: नवरीचा मेकअप करते, म्हणून अधिकाराने सांगते: टाक्यांवर काहीही फासू नका, पावडरसुद्धा नाही. डॉक्टरांना विचारून कातडीच्या रंगाची कागदी चिकटपट्टी लावा. डोळ्याखालच्या निळ्या-जांभळ्यावर नुसता कन्सीलर थापला की राखाडी दिसतो. आधी केशरी किंवा पीच करेक्टर, वर तुमच्या रंगाचा कन्सीलर, बोटाने टिपत. घासायचं नाही. तेही कातडी सोललेली नसेल तरच. आणि पहिल्याच भेटीत गॉगल लावून बसू नका हो, समोरच्याला तुमचे डोळे दिसायला हवेत. जखम भरल्यावर सनस्क्रीन विसरू नका, नाहीतर व्रण काळा पडतो.

ओपीडीतून: बुधवारपर्यंत जांभळा जाऊन हिरवट-पिवळा दिसायला लागला तर घाबरू नका. साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडतं, त्याचे ते रंग. डाग गालावरही उतरेल. साधारण दोन आठवड्यांत सगळं जातं. चेहऱ्याचे टाके बहुधा पाच ते सात दिवसांत निघतात. मात्र एकाची दोन दिसायला लागली, डोकं वाढतं दुखलं किंवा उलट्या झाल्या, तर भेट-बिट सोडा आणि आधी दवाखाना गाठा.

तिसरा मजला: वरचं वाचून हसले, पण मावशींचं वाक्य अडकलं. मी कर्जाच्या फॉर्मवर सह्या घ्यायला घरोघर जायचे. "बाथरूममध्ये पडले" हे मी वर्षभरात तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा खोटं. एकच फोनवाक्य, हसत म्हटलेलं, अगदी दारोदार सांगतात तसंच. एका बाईंनी सही केली आणि माझ्या वहीच्या कोपऱ्यात महिला हेल्पलाइनचा नंबर, 181, लिहून वही परत दिली. एक शब्द बोलल्या नाहीत. तो नंबर मी चार महिन्यांनी लावला.

दारोदार: ताई, वाचलं. फोनवाक्याला ही बाजू असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

मोजपट्टी: जाऊन आले. मंगळवारीच मेसेज टाकला होता, पट्टी लावली, करेक्टर भाचीकडून उसना. घरातल्या मुलाने "स्कूटर कुठली?" एवढंच विचारलं. त्याची आई मात्र मी स्वयंपाकघर मोजताना टेपचं दुसरं टोक धरायला आली आणि दार लोटून म्हणाली, "खरंच स्कूटर ना गं?" शनिवारी असं कुणी विचारलं असतं तर चिडले असते. म्हटलं, "खरंच, काकू. विचारलंत ते बरं केलंत." त्यांनी मान हलवली, टेप ताणून धरला. ओटा 34 इंच ठरलाय.