सुट्टीत पोराला वाचायला काय द्यावं? (सोसायटीच्या ग्रुपवरून, जळगाव)

ए-१०४ : नमस्कार मंडळी. मुलगा पुण्याहून सुट्टीत आलाय. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. दिवसभर पडून असतो, काय झालं विचारलं तर 'काही नाही'. काल आपणहून म्हणाला, मराठीत काहीतरी वाचायला दे. कुणाकडे काय आहे?

सी-३०१ : माझ्याकडे उद्योजकांची चरित्रं आहेत. पाठवू का ताई?

बी-२०३ : ताई, चरित्रं नंतर. आधी 'कोसला' द्या. माझी प्रत आत्ताच आणून देतो.
लेखक भालचंद्र नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ साली देशमुख आणि कंपनीनं कादंबरी छापली तेव्हा ते २५ वर्षांचे होते, आणि त्यातला पांडुरंग सांगवीकरही पंचविशीचाच. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेला, घरचा पैसा हाताशी. होस्टेल, मेस, गॅदरिंग सगळ्यात पुढे पुढे करतो, चार पोरांत मिरवतो, आणि मग परीक्षा, पैसा, दोस्ती एकेक करून हातातून सुटतं. शेवटी गावी परत. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण सांगतो काय बहारीनं! परीक्षा तोंडावर असताना मी ती हातात घेतली आणि अभ्यासाचं पुस्तक बाजूला पडलं ते पडलंच. तोवर मला वाटायचं, पुस्तकातली मुलं एक तर गुणी असतात नाहीतर वाया गेलेली. हा दोन्ही नाही. त्याला कुणी सुधारायला बसत नाही, लेखकसुद्धा नाही. आपल्याकडचा मुलगा पुण्यात कसा बावचळतो, कसा उगाच ऐट करतो, ते मी आधी कुठेच वाचलं नव्हतं.

डी-४०२ : काय भो, हे पुस्तक द्यायचं पोराला? मी तरुणपणी अर्ध्यात सोडलं होतं. बाप तिकडे राबतो आणि हा पुण्यात पैसे उडवतो. तीस वर्षं शाळेत शिकवलं मी, असली पोरं पाहिलीत.

बी-२०३ : आबा, बहिणीपर्यंत पोचला होता का तुम्ही?

डी-४०२ : कोणती बहीण?

सी-१०२ : धाकटी बहीण आबा. देवीच्या रोगानं दगावते. त्या पानांवर मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. तोपर्यंत सगळ्याची टर उडवणारा तो मुलगा, आणि तिथे त्याला धड रडताही येत नाही. घरच्यांवर चिडतो, सगळ्या जगावर चिडतो. आमच्या आईच्या दंडावर देवी टोचल्याचे गोल वण होते. लहानपणी मी त्यांवर बोट फिरवत बसायचे. ते कशासाठी होते, हे मला ती पानं वाचून कळलं.

डी-४०२ : देवीनं गेलेली लेकरं मी पाहिलीत. सत्त्याहत्तर साली देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, तोपर्यंत घरोघरी धास्ती असायची.

ए-४०१ (अध्यक्ष) : उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी १० ते १ पाणी बंद. बाकी चालू द्या, मीही वाचतोय.

ए-१०४ : पण आधीच गप्प झालाय हो तो. आणखी उदास नाही ना होणार?

बी-२०३ : ताई, उदास आहे, पण हसवतेही पोटभर. होस्टेलची पानं वाचताना तो खोलीत एकटाच हसला तर दार ठोठावू नका. आणि एक विनंती. देताना 'यातून काहीतरी शीक' म्हणू नका. नुसतं उशाशी ठेवा. तुम्ही दोघांनीही वाचा, भाऊंनी तर नक्कीच. पांडुरंग आणि त्याच्या वडिलांमध्ये जे आहे ते आपल्याकडे घराघरांत आहे. पैसे वेळेवर पाठवायचे, फोनवर 'जेवला का' विचारायचं, आणि पुढे दोघंही गप्प. पांडुरंगाला बापाचा राग येतो आणि बापाशिवाय चालतही नाही. मी स्वतः बाप झाल्यावर पुन्हा वाचली तेव्हा मला त्या वडिलांचीच जास्त काळजी वाटत राहिली.

ए-१०४ : पाठवा. मिस्टर म्हणतात, आधी मी वाचणार.

डी-४०२ : त्यांचं झालं की माझा नंबर. अक्षर मोठं आहे ना?

बी-२०३ : बारीक आहे आबा. संध्याकाळी येऊन वाचून दाखवत जाईन. बहिणीच्या भागापासून सुरू करू?

डी-४०२ : मधूनच कशाला? पहिल्या पानापासून. आणि जेवायलाच ये, भरीत-पुरी आहे.