शिवराई ओळखायला कुठली साईट बघू? मदत हवी आहे

आजोबांच्या डब्यात तांब्याच्या 14 शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची जुनी नाणी) सापडल्यात, एका बाजूला श्री राजा शिव, दुसरीकडे छत्र पति, पण निम्म्यांवर अक्षरं अर्धवटच उमटलीयत कारण ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा. पाच नाण्यांवर मधे दोन आडव्या रेघा आहेत म्हणजे त्या दुदांडी, पेशवाईच्या शेवटच्या नि ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या काळातल्या, एवढं कळलं. प्रश्न बाकीच्या नऊचा आहे.

नुमिस्टा या नाण्यांच्या साईटवर शोधलं, तिथे वजन-व्यास टाकून मोटामोटी प्रकार कळतो. झेनो डॉट आरयू या जुन्या नाण्यांच्या साईटवर फोटो भरपूर आहेत, पण तिथे फोटोला फोटो लावून बघत बसलो तर रात्रीचे दोन वाजतात (अनुभव आहे). फेसबुक ग्रुपवर टाकलं तर पहिली कमेंट "किती घेणार?" विकायची नाहीयेत हो!

वजनं सोनाराकडे करून घेतलीत, 7 ते 11 ग्रॅम. दोन्ही बाजूंचे फोटो आहेत, कमेंटमध्ये टाकतो. नाणी साफ केलेली नाहीत, आईने एक चिंचेने घासायला घेतली होती ती वेळेत काढून घेतली. पुण्या-मुंबईला लगेच जाणं जमणार नाही, त्यामुळे ऑनलाईनच हवंय, मराठी किंवा इंग्रजी काहीही चालेल.

तर अक्षरांच्या वळणावरून आणि बिंदू, चिन्हांवरून शिवराईचे उपप्रकार लावून दाखवणारी एखादी साईट किंवा स्कॅन केलेला कॅटलॉग कुणी वापरलाय का? आणि फक्त वजनावरून जुनी शिवराई नि नंतरची असा फरक करता येतो का, की झिजेमुळे त्याला अर्थ नाही?